काचेआडच्या गोळ्या

मे महिन्याच्या सुट्टीत माळ्यावरून खाली येणाऱ्या वस्तूंमध्ये आमच्याकडे एक लाकडी फळी असायची. वरचं टोक अर्धगोल, उजव्या कडेला स्प्रिंगचा दांडा आणि मधोमध पितळी खिळ्यांची छोटी-मोठी रिंगणं. प्रत्येक रिंगणात एक आकडा. फळीच्या वरच्या टोकाखाली एखादं जाडजूड पुस्तक सारून उतार करायचा, दांडा ओढून सोडायचा, की पोलादी गोळी कडेने वर जाऊन खिळ्यांना टकटक आपटत खाली यायची. आम्ही त्याला बगाटेल म्हणायचो. गोळी शंभराच्या रिंगणाशी जाऊन, आत डोकावून, पुन्हा बाहेर पडली की साऱ्या भावंडांच्या तोंडून एकच उसासा निघायचा. त्या उसाशाचा संबंध जपानमधल्या एका अफाट व्यवसायाशी आहे, हे मला फार उशिरा कळलं.

बगाटेल हा मूळचा अठराव्या शतकातला फ्रेंच खेळ. त्याची लहान मुलांसाठी केलेली खिळ्यांची आवृत्ती १९२०च्या दशकात जपानमध्ये पोचली आणि मिठाईच्या दुकानांत रुजली. गोळी योग्य भोकात गेली, तर पोराला गोळ्या-चॉकलेट मिळायचं. जागा वाचावी म्हणून आडवी फळी उभी झाली, तिच्यावर काच बसली आणि खेळ हळूहळू मोठ्यांच्या हातात गेला. नागोया हे या उद्योगाचं माहेरघर. दुसऱ्या महायुद्धात या खेळाची दुकानं, म्हणजे पार्लर, बंद पडली. युद्धानंतर ती पुन्हा उघडली तेव्हा नागोयाच्या ताकेइची मासामुरा यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस खिळ्यांची एक नवी मांडणी केली. तोवर खिळे फळीभर सारख्या अंतराने ठोकलेले असायचे. मासामुरांनी ते गटागटाने बसवले, मध्ये मोकळ्या जागा ठेवल्या आणि गोळीची दिशा बदलणाऱ्या छोट्या चक्र्या लावल्या. गोळी आता नुसती पडेना; ती थबकायला, वळायला, आशा दाखवायला लागली. आजच्या यंत्रांच्या मांडणीतही मासामुरांचा तो हात ओळखू येतो.

या खेळाचं पाचिंको हे नाव आवाजावरून पडलेलं आहे. जपानीत गलोलीलाही पाचिंकोच म्हणतात. गोळी ११ मिलिमीटर व्यासाची आणि साधारण साडेपाच ग्रॅम वजनाची असते, म्हणजे बेअरिंगमधल्या मोठ्या छर्र्यासारखी. नेहमीच्या दरात ती ४ येनला एक अशी भाड्याने मिळते, म्हणजे १००० येनला २५०. यंत्राची मूठ फिरवून धरली की गोळ्या एकामागून एक सुटत राहतात. नियमानुसार मिनिटाला जास्तीत जास्त १००. जिंकलं तरी गोळ्याच मिळतात. जपानच्या दंडसंहितेनुसार जुगार गुन्हा आहे, त्यामुळे पार्लर पैसे देत नाही. गोळ्यांच्या बदल्यात ते एक छोटी वस्तू देतं, ती वस्तू जवळच्याच दुसऱ्या दुकानाच्या खिडकीत विकली की रोख हाती येते आणि तिसरं एक दुकान ती वस्तू विकत घेऊन पुन्हा पार्लरला पुरवतं. तीन दुकानांची ही साखळी कित्येक दशकं चालू आहे. १९९५च्या सुमारास जपानभर १८ हजारांहून अधिक पार्लर होती. आज ती सात हजारांहून कमी उरली आहेत.

आता या सगळ्यातून पैसे काढून टाका. गोळ्यांचं वजन काढून टाका, एके काळचा तिथला सिगारेटचा धूर, शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी व्यक्ती, यंत्रांच्या रांगांमधून तेव्हा वाजणारं लष्करी संचलनगीत, हेही काढून टाका. उरलं ते एका टीव्हीच्या पडद्यावर मांडा आणि त्याचा व्हिडिओ गेम म्हणून दुकानात विका. हा गेम कोण घेईल? जपानमध्ये तो लाखो लोकांनी घेतला, आणि तोही एकदा नव्हे, तर १९८०च्या दशकापासून वर्षानुवर्षं, एकामागून एक नव्या उपकरणांवर. काय काढून टाकल्यावरही पाचिंको पाचिंकोच राहतो, याचं उत्तर या गेमांनी जितकं स्पष्ट दिलं तितकं प्रत्यक्ष यंत्रांनीही दिलेलं नाही, असं मला वाटतं.

सुरुवात निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती उपकरणावर झाली. १९८५ मध्ये तोशिबा इएमआयने ‘पाचिकॉन’ नावाची कार्ट्रिज आणली. पुढे १९८७ पासून कोकोनट्स जपान या कंपनीची ‘पाचिओ-कुन’ मालिका सुरू झाली. तिचा नायक म्हणजे हातपाय फुटलेली एक पाचिंकोची गोळी. पार्लरमध्ये फिरायचं, यंत्र निवडायचं, गोळ्या जमवायच्या. त्या काळच्या खऱ्या पार्लरमध्ये एखाद्या यंत्राने ठरावीक संख्येच्या वर गोळ्या दिल्या, की कर्मचारी येऊन ते यंत्र त्या दिवसापुरतं बंद करायचे. ‘यंत्र बंद पाडणं’ ही खेळणाऱ्याची फुशारकी असायची. व्हिडिओ गेमला एक स्पष्ट ध्येय लागतं, आणि इथे ते आयतंच मिळालं.

पण फॅमिकॉमवर पाचिंको बसवणं म्हणजे घागरीत विहीर कोंबण्यासारखं होतं. त्या उपकरणाचा पडदा २४० बिंदू उंच. खऱ्या यंत्राचा खेळाचा भाग साधारण ४५ सेंटिमीटर उंच धरला, तर एका बिंदूच्या वाट्याला जवळजवळ दोन मिलिमीटर येतात. म्हणजे गोळी सहा बिंदूंची आणि खिळा जेमतेम एका बिंदूचा. खऱ्या पार्लरमध्ये मुरलेला खेळाडू काचेला नाक लावून खिळे वाचतो. तोंडाशी असलेले दोन खिळे पाव मिलिमीटरने फाकलेले आहेत की जवळ आलेले, यावर दिवसभराचा हिशेब ठरतो. त्यासाठी पार्लरमध्ये हातोडी आणि मापपट्ट्या घेऊन खिळे ‘बसवणारा’ खास कारागीर असायचा. मंजूर झालेल्या यंत्रात असा बदल करणं नियमात बसत नाही, तरी ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. फॅमिकॉमवर पाव मिलिमीटर म्हणजे एका बिंदूचा आठवा हिस्सा. तो दाखवायचा कसा? शिवाय हे उपकरण एका आडव्या रेषेत आठांपेक्षा जास्त हलती चित्रं दाखवू शकत नव्हतं. नववं आलं की गायब होई. खिळ्यांच्या रानातून गोळ्यांची सर ओतणाऱ्या खेळासाठी ही मर्यादा फार जाचक होती.

पुढची उपकरणं ताकदवान होत गेली, तरी गोळीचा प्रश्न सुटला नाही. तो खरं तर ताकदीचा प्रश्नच नाही. मला हा भाग फार आवडतो, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

व्हिडिओ गेममध्ये जग सलग चालत नाही. ते सेकंदाला साठ वेळा नव्याने मांडलं जातं. मूठ फिरवल्यावर गोळीला सुमारे ४५ सेंटिमीटर वर चढायचं असेल, तर तिचा सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर लागतो. सेकंदाच्या साठाव्या भागात ती ५ सेंटिमीटर पुढे जाते. खिळा आहे दोन मिलिमीटरहूनही बारीक. म्हणजे एका चित्रात गोळी खिळ्याच्या अलीकडे, पुढच्या चित्रात पलीकडे, आणि मधे टक्कर झालीच नाही! गोळी भुतासारखी खिळ्यातून आरपार. हे टाळायला प्रत्येक चित्राच्या आत वेळेचे आणखी बारीक तुकडे पाडून हिशेब करावा लागतो, तोही फळीवर एकाच वेळी असलेल्या सगळ्या गोळ्यांचा.

एवढं करूनही गोळी ‘खऱ्यासारखी’ पडेलच असं नाही. एक ढोबळ गणित करू. गोळीची त्रिज्या साडेपाच मिलिमीटर, तिच्यात खिळ्याची सुमारे एक मिलिमीटर मिळवली की टक्कर साधारण साडेसहा मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर होते असं समजता येतं. गोळी एक दशांश मिलिमीटर इकडे-तिकडे आली, तर उडण्याची दिशा दोन अंशांच्या आसपास बदलते. पुढचा खिळा तीन सेंटिमीटरवर असेल, तर तिथे पोचेपर्यंत तो दशांश जवळजवळ एक मिलिमीटर झालेला असतो. त्याच्या पुढच्या खिळ्याशी तो आठ-नऊ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अख्ख्या गोळीएवढा होतो. दोन-तीन खिळ्यांनंतर गोळी कुठे असेल हे कोणालाच सांगता येत नाही, ना खेळणाऱ्याला, ना संगणकाला. खऱ्या यंत्रात त्या दशांशाच्या जागी धुळीचा कण असतो, गोळीवरचा ओरखडा असतो, शेजारच्या यंत्राची थरथर असते.

म्हणून गेम बनवणाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे प्रत्येक टकरीचं प्रामाणिक गणित करायचं आणि मग खिळ्यांच्या जागा हलवत हलवत एकूण निकाल खऱ्या यंत्राशी जुळवायचा. दुसरी म्हणजे निकाल आधी ठरवायचा, गोळी भोकात जाणार की नाही याची संख्या काढायची आणि मग त्या निकालाला शोभेल अशी वाट गोळीला दाखवायची. पहिल्या वाटेने गोळी सजीव वाटते, पण हिशेब हातातून सुटतो. दुसरीने हिशेब चोख राहतो, पण सराईत डोळ्याला गोळी सूत्राने बांधलेली दिसते. डोळा फसत नाही, कारण त्या डोळ्याने खऱ्या पार्लरमध्ये लाखो गोळ्या पडताना पाहिलेल्या असतात. निन्टेंडोसारख्या कसलेल्या कंपनीच्या ‘सुपर मारिओ सनशाइन’ या २००२च्या गेममध्ये पाचिंकोच्या धर्तीवरचा एक टप्पा आहे. तिथे खिळ्यांमधून मारिओच खाली पडतो. तो कोणत्या बाजूला उडेल याचा भरवसा नसल्यामुळे हा टप्पा आजही खेळणाऱ्यांमध्ये बदनाम आहे.

जुळवायचा असतो तो एकच आकडा. जपानी खेळाडू यंत्र जोखतो ते १००० येनला, म्हणजे २५० गोळ्यांना, गोळी मधल्या भोकात गेली की फिरणारं सोडतीचं चक्र किती वेळा फिरलं यावर. एखाद्या यंत्रावर ते १८ वेळा फिरलं, तर साधारण १४ गोळ्यांतली एक नेमक्या भोकात जाते. हे प्रमाण अमुक आकड्याच्या वर असेल तर दीर्घकाळात फायदा, खाली असेल तर तोटा. या रेषेला खेळाडू इंग्रजीतून आलेल्या शब्दाने ‘बॉर्डर’ म्हणतात. तेवढं प्रमाण गेममध्ये बरोबर उतरलं, तर प्रत्येक गोळी कशी उडाली याला महत्त्व उरत नाही.

आणि चक्र फिरणं हेच १९८० नंतर पाचिंकोचं काळीज झालं. त्या वर्षी सांक्यो कंपनीने ‘फीवर’ नावाचं यंत्र आणलं. गोळी मधल्या भोकात गेली की फळीच्या मध्यावरची तीन चक्रं फिरत, आणि तीन ७ जुळले की गोळ्यांचा धबधबा. इथून पाचिंकोचे दोन भाग झाले. बाहेर पोलाद, खिळे, गुरुत्वाकर्षण, आत सोडत. पुढे चक्रांच्या जागी पडदा आला आणि त्यावर मासे, सामुराई, ॲनिमेतली पात्रं फिरू लागली. म्हणजे पाचिंकोच्या यंत्राच्या पोटात एक छोटा व्हिडिओ गेम येऊन बसला. बाहेरच्या पोलादी भागाची नक्कल करताना गेम बनवणारे हैराण होत होते, तो आतला भाग मात्र जसाच्या तसा उचलता येत होता.

ही सोडत कशी होते हे समजलं की या गेमांची गंमत कळते. यंत्रात मुख्य आणि दुय्यम असे दोन सर्किट बोर्ड असतात. मुख्य बोर्डावर एक गणक अखंड फिरत असतो, समजा ० पासून ६५,५३५ पर्यंत, डोळ्याला न समजणाऱ्या वेगाने. गोळी भोकात गेली त्या क्षणी गणकावर जो आकडा असेल तो पकडला जातो. ६५,५३६ पैकी २०५ आकडे विजयाचे असतील, तर शक्यता ३१९.७ मध्ये एक इतकी होते. विजयाची शक्यता कमी ठेवलेल्या आजच्या अनेक यंत्रांच्या माहितीपत्रकात छापलेला आकडा याच्या आसपास असतो. एके काळी ६५,५३६ पैकी १६४, म्हणजे ३९९.६ मध्ये एक, अशी यंत्रंही सर्रास होती. निकाल त्या क्षणी लागलेला असतो. मुख्य बोर्ड तो दुय्यम बोर्डाला कळवतो आणि दुय्यम बोर्ड पडद्यावर नाटक सुरू करतो. हे संभाषण एकाच दिशेने चालतं. दुय्यम बोर्डाला मुख्य बोर्डाकडे उलट काहीही पाठवता येत नाही, कारण तसं झालं तर निकालात ढवळाढवळ करण्याची वाट उघडेल.

पहिले दोन आकडे जुळले आणि तिसरा अजून फिरतोय, या अवस्थेला जपानीत ‘रीच’ म्हणतात. हा शब्द माहजोंगमधून आला आहे. पडदा अंधारतो, संगीत चढतं, नायिका शत्रूवर झेप घेते, तिसरा आकडा अगदी साताशी येऊन अडखळतो आणि एका घराने पुढे सरकतो. कधी कधी हे नाटक मिनिटभराहून जास्त चालतं. निकाल मात्र नाटकाच्या आधीच कुठल्याशा चिपमध्ये नोंदलेला. आमच्या बगाटेलवरची गोळी शंभराच्या रिंगणातून खरोखर बाहेर पडायची. इथे ती बाहेर पडते तेव्हा तिला बाहेर पाडलेलं असतं. खेळणाऱ्याच्या छातीतली धडधड मात्र दोन्हीकडे सारखीच.

घरच्या गेमांनी या नाटकाचा पडदा उचलला. सनसॉफ्टची ‘हिस्सात्सु पाचिंको’ मालिका, निप्पॉन टेलेनेटची सुपर फॅमिकॉमवरची ‘पार्लर! मिनी’, डीथ्री पब्लिशरची प्लेस्टेशन २ वरची मालिका, अशा साऱ्या गेमांत हळूहळू एक नवीच सोय रूढ झाली. हवी ती रीच निवडून पाहा. विजयाची शक्यता वाढवून पाहा. गोळ्या आपोआप सुटत राहू द्या आणि चहा करून या. आज सातशे चक्रांत काय काय घडलं याचा तक्ता पाहा. एखादं दुर्मीळ दृश्य खऱ्या पार्लरमध्ये वर्षानुवर्षं खेळूनही दिसत नाही. घरी ते बटण दाबून दिसतं. हे कळल्यावर मला पहिल्यांदा वाटलं होतं की खेळाचा आत्माच गेला. मग लक्षात आलं की घेणाऱ्यांना तेच हवं होतं. ज्या ॲनिमेवर त्यांचं प्रेम होतं, तिचे नवे प्रसंग या यंत्रांसाठी बनत होते, आणि पैसे न घालवता ते पाहायचा दुसरा मार्ग नव्हता. ‘निऑन जेनेसिस इव्हान्गेलियन’ ही मालिका १९९५ची. तिच्यावरचं पहिलं पाचिंको यंत्र २००४च्या डिसेंबरात पार्लरमध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याची नक्कल प्लेस्टेशन २ वर मिळू लागली.

पार्लरमधलं दुसरं यंत्र म्हणजे पाचिस्लॉट. त्याच्या बाबतीत घरचा गेम चक्क तालीमखाना झाला. जपानी स्लॉट यंत्रात तीन चक्रं खेळणारा स्वतः तीन बटणांनी थांबवतो. चक्रावर सहसा २१ चित्रं असतात आणि चक्र मिनिटाला जवळजवळ ८० वेळा फिरतं. म्हणजे सेकंदाला २८ चित्रं डोळ्यांसमोरून जातात, एकेक चित्र ३६ मिलिसेकंद. बटण दाबल्यावर यंत्राला चक्र १९० मिलिसेकंदांच्या आत थांबवावं लागतं, त्यामुळे ते जास्तीत जास्त चार चित्रं पुढे सरकू शकतं. आत विजय ठरलेला असला, तरी खेळणाऱ्याने योग्य खिडकीत बटण दाबलं नाही, तर ती चित्रं रेषेवर येत नाहीत. नजरेने चित्र पकडून बटण दाबण्याच्या या कौशल्याला ‘मेओशी’ म्हणतात: डोळ्याने दाबणं. शिकाऊ माणूस पार्लरमध्ये हे शिकू लागला, तर प्रत्येक चुकीची किंमत पैशांत मोजतो, शिवाय मागे लोक बघत असतात. सॅमीने १९९३ मध्ये सुपर फॅमिकॉमवर सुरू केलेल्या ‘जिस्सेन पाचिस्लॉट हिश्शोहो!’ या मालिकेचं नावच ‘प्रत्यक्ष लढाईत जिंकण्याच्या युक्त्या’ अशा अर्थाचं आहे. चक्राचा वेग निम्मा करून सराव करा, मग पूर्ण वेगाला या.

इथेही सेकंदाचा साठावा भाग आडवा येतो. एका चित्राला ३६ मिलिसेकंद, पडद्याचं एक चित्र १७ मिलिसेकंदांचं. म्हणजे चक्रावरचं प्रत्येक चित्र पडद्यावर जेमतेम दोनदा उमटतं. काचेच्या जाड नळीच्या टीव्हीवर ते चालून गेलं. सपाट पडदे आले आणि बटण दाबणं व चित्र दिसणं यांत काही क्षणांची दिरंगाई शिरली, तेव्हा घरी तयार झालेला हात पार्लरमध्ये चुकू लागला. तालमीचं मैदान आणि सामन्याचं मैदान यांत दोन-तीन चित्रांचा फरक पडला होता.

या व्यवहारात यंत्र बनवणारे आणि गेम बनवणारे हळूहळू एकमेकांच्या घरात राहू लागले. सॅमीचं ‘होकुतो नो केन’ हे पाचिस्लॉट २००३ मध्ये आलं आणि त्याची सुमारे ६ लाख २० हजार यंत्रं विकली गेली. दुसऱ्या वर्षी त्याची घरची आवृत्ती आली आणि त्याच वर्षी सॅमी व सेगा एकत्र येऊन सेगा सॅमी होल्डिंग्ज ही कंपनी झाली. सेगाच्या ‘र्यू गा गोतोकु’ मालिकेत, जी बाहेर बरीच वर्षं ‘याकुझा’ म्हणून ओळखली जात होती, कामुरोचो या कल्पित वस्तीत तुम्ही पाचिस्लॉटच्या दुकानात शिरून चालू यंत्रावर बसू शकता. गेमच्या आत गेम, आणि त्या आतल्या गेममध्ये पुन्हा नाटक. कोनामीने उलटा प्रवास केला. ‘मेटल गिअर सॉलिड ३’ या आपल्या गाजलेल्या गेमचं तिने २०१६ मध्ये पाचिस्लॉट केलं, आणि मूळ गेमचे चाहते कळवळले.

माझा जीव मात्र जडलाय तो इरेमवर. या कंपनीने १९८७ मध्ये ‘आर-टाइप’ हा अवकाशयुद्धाचा गेम दिला आणि २००२ मध्ये भूकंपात सापडलेल्या माणसाने शहरातून वाट काढण्याचा एक विलक्षण गेम. त्याच इरेमने सान्यो कंपनीच्या यंत्रांवरची ‘पाचिंको पॅरडाइज’ मालिका वर्षानुवर्षं काढली. सान्योची खूण म्हणजे १९९९ मध्ये आलेलं ‘उमी मोनोगातारी’, समुद्राची गोष्ट. निळं पाणी, मासे, कासव, खेकडा आणि मारिन नावाची मुलगी. भडक रीच नाही, आरडाओरडा नाही. वयस्कर बायका तासन्‌तास याच यंत्रावर बसतात. इरेमने त्यात ‘पाचिप्रो फूउनरोकु’ नावाचं एक कथानक घातलं. त्यात तुम्ही पाचिंकोवर पोट भरणाऱ्या माणसाचं आयुष्य जगता: गावात हिंडता, माणसांशी बोलता, पार्लरमध्ये बसता. आधीच्या नकलांनी फक्त यंत्र घरी आणलं होतं. इरेमने यंत्राभोवतीचं गाव आणलं. पैसा काढून टाकल्यावर जी पोकळी उरते, ती गोष्टीने भरता येते हे या लोकांना कळलं होतं.

आणि पैशांचं काय? जपानमध्ये २०१७ मध्ये सरकारी मदतीने झालेल्या पाहणीत अंदाज निघाला की प्रौढांपैकी ३.६ टक्के, म्हणजे सुमारे ३२ लाख लोकांना आयुष्यात कधी ना कधी जुगाराच्या व्यसनाची शंका घेण्याजोगी अवस्था आलेली होती, आणि त्यांचा सर्वाधिक पैसा पाचिंको व पाचिस्लॉटवर गेला होता. घरचा गेम या आगीला पाणी घालतो की तेल? माझ्या मते दोन्ही घडतं. ज्याच्या डोक्यात त्या रीचचं संगीत घुमतंय त्याला घरचा गेम पुन्हा पार्लरकडे ओढू शकतो. कंपन्यांसाठी तर ती जाहिरातच होती. पण त्यात एक कठोर शिक्षकही आहे. ३१९.७ मध्ये एक शक्यता असलेलं यंत्र आपोआप खेळायला लावा. ३२० चक्रं झाली तरी न जिंकण्याची शक्यता ३७ टक्के असते. एक हजार चक्रं कोरडी जाण्याची शक्यता चार टक्क्यांहून थोडी जास्त, म्हणजे साधारण तेवीस वेळांत एकदा. १००० येनला १८ चक्रं धरली, तर एक हजार चक्रं म्हणजे ५५ हजारांहून जास्त येन. खेळाडू या अवस्थेला ‘हामारी’ म्हणतात, चिखलात रुतणं. पार्लरमध्ये रुतलेला माणूस ‘आता तर लागायलाच हवं’ म्हणत आणखी नोटा सारतो. घरी त्याच माणसाला गोळ्यांचा तो निव्वळ आकडा शून्याखाली उतरत जाताना दिसतो, आणि गणकाला मागचं काही आठवत नाही, हेही दिसतं. सोडत प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होते. हे वाक्य पुस्तकात वाचणं वेगळं आणि सकाळपर्यंत चालू ठेवलेल्या यंत्राच्या तक्त्यात पाहणं वेगळं.

या नकलांचं आणखी एक काम आहे, आणि ते कोणी ठरवून केलेलं नाही. जपानमध्ये पाचिंको यंत्राला मिळणारी मान्यता तीन वर्षांची असते. पुन्हा तपासणी करून घेतली तर आणखी तीन. त्यानंतर यंत्र पार्लरमधून निघालंच पाहिजे. कितीही लोकप्रिय असो, लोकांच्या आयुष्याचा कितीही भाग त्याच्यासमोर गेलेला असो. बहुतेक यंत्रं मोडीत निघतात: खिळे, चक्र्या, पडदे, सगळं. सिनेमा जुना झाला तरी त्याची रिळं राहतात, गाण्याची तबकडी राहते. पाचिंको यंत्र नाहीसं व्हायचं असं कायद्यातच लिहिलेलं आहे. उरतात ती प्लेस्टेशनची तबकडी आणि तिच्यातली तीच चित्रं, तेच संगीत, तोच विजयाचा आकडा. खिळे जरा चुकीचे असतील, गोळी सूत्राने बांधल्यासारखी वाटेल, पण १९९०च्या दशकातलं एखादं यंत्र कसं वागत होतं हे आज पाहायला बऱ्याचदा हीच एक खिडकी उरलेली असते. ज्यांनी त्या काळी पाचिंकोच्या मुठीसारखा गोल कंट्रोलर विकत घेतला होता (असे कंट्रोलर खरोखर विकले जात), त्यांच्या तळव्याला ती मूठ आजही आठवत असेल.

आणि खरी यंत्रं? २०२२च्या नोव्हेंबरपासून पार्लरमध्ये ‘स्मार्ट’ पाचिस्लॉट आले. त्यात धातूची नाणी नाहीत, सगळा हिशेब विजेवर. २०२३च्या एप्रिलपासून ‘स्मार्ट’ पाचिंको आले. त्यात गोळ्या आहेत, पण त्या यंत्राच्या आतच फिरत राहतात. खेळणाऱ्याने जिंकलेल्या गोळ्या ट्रेमध्ये पडत नाहीत, पडद्यावर एक आकडा वाढतो. पायाशी रचलेली डबड्यांची उतरंड नाही, गोळ्या मोजणाऱ्या यंत्राचा तो खडखडाट नाही, बोटांना लागणारा तो काळसर तेलकट मळ नाही. त्याच मोजक्या गोळ्या काचेआड वर उडतात, मासामुरांच्या खिळ्यांवर आपटतात, खाली जातात आणि पुन्हा वर येतात. समोर बसलेल्या माणसाचा हात त्यांतल्या एकीलाही लागत नाही.